गाठी आणि वार

आजच्या भाषणाचा विषय रुक्ष आहे, हे मी प्रारंभीच कबूल करून टाकतो. जकात, हुंडणावळ, आयातीची मर्यादा असले शब्द कानी पडू लागले म्हणजे घरातील मंडळी यंत्राचा कान पिळून दुसरीकडचे गाणे लावतात, हे मला ठाऊक आहे. शिवाय मी अर्थशास्त्राचा पंडितही नव्हे. माझे सारे आयुष्य मुलांना त्रैराशिक आणि इतिहासातील सनावळ्या शिकविण्यात गेले. तथापि ह्या दोन्ही विषयांच्या सांध्यावर एक प्रकरण मला असे आढळले आहे की, ते आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही. ते प्रकरण म्हणजे १९३३–३४ साली हिंदुस्थान आणि जपान ह्यांच्यामध्ये कापूस व कापड ह्यांवरून जुंपलेला तंटा, आणि ज्या कराराने तो मिटला तो करार.

माझे बालपण वऱ्हाडातील एका बाजारपेठेच्या गावी गेले. गावाबाहेर एक पडीक जीन होते. त्याची पत्र्याची छपरे उडून गेली होती आणि आवारात गाजरगवत माजले होते. गावातील वृद्ध माणसे त्याला ‘जपान्याचे जीन’ म्हणत. आम्हां मुलांना ह्या नावाचे मोठे नवल वाटे. जपान कोठे आणि आमचे गाव कोठे! माझ्या आजोबांना विचारले तर ते एवढेच सांगत की, एके साली जपान्यांनी खरेदी थांबविली, आणि त्या साली भाव विचारावयास गेले म्हणजे अडत्या सिमल्याकडे बोट दाखवी. त्यांच्या ह्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला.

वऱ्हाड, खानदेश, मध्यप्रांत येथील कापूस त्या काळी बहुतांशी आखूड धाग्याचा असे. लँकेशायरच्या गिरण्यांना बारीक सूत काढावयाचे असल्यामुळे त्यांची भिस्त अमेरिकेच्या लांब धाग्यावर होती. आपला कापूस त्यांना नाइलाजाचा सोबती वाटे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ पर्यंत, त्यांनी तो हौसेने घेतला आणि युद्ध संपताच पुन्हा पाठ फिरविली. जपानी गिरण्यांनी मात्र निरनिराळ्या जातींच्या कापसाचे मिश्रण करून त्यातून उत्तम सूत काढण्याची कला हस्तगत केली. आखूड धागा त्यांना चालत होता, इतकेच नव्हे तर हवा होता. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या खटपटीने जपानच्या निप्पॉन युसेन कैशा ह्या कंपनीची आगबोट मुंबई–कोबे मार्गावर सुरू झाली. तोवर ह्या मार्गावर मक्ता गाजविणाऱ्या विलायती कंपनीने भाडे अतोनात उतरवून तिला हुसकावून लावण्याचा प्रयत्न केला; परंतु ती बोट टिकली. पुढे जपानी व्यापारी पेढ्यांनी मुंबईत ठाण मांडले आणि त्यांचे अडते व दलाल थेट तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचले. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्या कापसापैकी सुमारे निम्मा कापूस एकटा जपान घेत होता. आमच्या गावाबाहेरचे ते जीन ह्या इतिहासाचा एक अवशेष होते.

आता दुसरी बाजू पाहावयाची. जो जपान कापूस घेऊन जात होता, तोच त्याचे कापड करून येथे परत आणीत होता. मुंबईच्या गिरण्यांना १९२० नंतरच्या दशकात ह्या कापडाची झळ लागू लागली. १९२९ साली जगात मंदी आली आणि सर्व मालाचे भाव कोसळले. हिंदुस्थानातून निर्यात झालेल्या कापसाची किंमत १९२९–३० साली सुमारे ६५ कोटी रुपये होती, ती १९३२–३३ साली सुमारे २० कोटींवर आली. अशा वेळी, डिसेंबर १९३१ मध्ये, जपानने सुवर्णचलनाचा त्याग केला आणि येनाचा भाव झपाट्याने उतरला. आपला रुपया सरकारने १ शिलिंग ६ पेन्सांच्या दराने विलायती पौंडाला जखडून ठेवला होता. वर्षभरात येनाचा रुपयातील भाव एक तृतीयांशाहून अधिक घसरला. म्हणजे ओसाकाच्या कारखानदाराने आपल्या किमतीत एक पैही कमी न करता त्याचे कापड मुंबईच्या बंदरात एक तृतीयांशाने स्वस्त झाले. जपानी गिरण्यांचे सुधारलेले माग, त्यांची एकवटलेली खरेदी आणि तेथील अल्प मजुरी ह्यांची त्यात भर पडली. १९३१–३२ साली जपानहून ३४ कोटी वार कापड आले होते. १९३२–३३ साली ते सुमारे ५८ कोटी वारांवर गेले.

ह्यावर सरकारने जकातीचा बांध घातला आणि तो पायरीपायरीने उंच केला. ब्रिटिशेतर कापडावरील जकात १९३० मध्ये शेकडा २० होती. १९३१ च्या अखेरीस ती सव्वाएकतीस टक्के झाली. ३० ऑगस्ट १९३२ रोजी ५० टक्के, आणि जून १९३३ मध्ये एकदम ७५ टक्के! साध्या कोऱ्या कापडावर तर दर रत्तली पावणेसात आणे ही किमान जकात ठरली. ह्याच काळात विलायती कापडावरील जकात २५ टक्क्यांवर थांबली होती. तेव्हा हा बांध मुंबईच्या गिरणीकरिता किती आणि मँचेस्टरच्या गिरणीकरिता किती, हा प्रश्न त्या वेळच्या वृत्तपत्रांनी आणि कायदेमंडळातील सभासदांनी वारंवार विचारला, आणि तो गैरवाजवी होता असे म्हणता येणार नाही.

ह्या मार्गात एक अडचण होती. १९०४ साली हिंदुस्थान व जपान ह्यांच्या व्यापारासंबंधी झालेल्या करारात असे ठरले होते की, एकमेकांच्या मालावर तिसऱ्या कोणत्याही परदेशाच्या मालापेक्षा अधिक जकात बसवावयाची नाही. केवळ जपानी मालाला अडवावयाचे तर हा करार मोडणे प्राप्त होते. त्याप्रमाणे एप्रिल १९३३ मध्ये सहा महिन्यांची मुदत देऊन करार संपविण्याची नोटीस देण्यात आली. एकोणतीस वर्षे चाललेला सलोख्याचा कागद रद्द झाला आणि नव्या वाटाघाटींना वाट मोकळी झाली.

जपानने ह्याचे उत्तर दिले ते कागदाने नव्हे. जूनमध्ये जकात ७५ टक्के होताच ओसाका येथील सूतगिरण्यांच्या संघाने हिंदी कापूस घ्यावयाचा नाही असा ठराव केला. ह्या बहिष्काराचा रोख विचारात घेण्यासारखा आहे. जकात बसविली सरकारने. तिचा लाभ व्हावयाचा होता गिरण्यांना, काही हिंदी आणि काही विलायती. परंतु जपानच्या हाती जे शस्त्र होते त्याचा वार ह्यांपैकी कोणावरच पडण्यासारखा नव्हता. तो पडला कापूस पिकविणाऱ्यावर, ज्याने जकात मागितली नव्हती आणि ज्याला ती कधी बसली हेही बहुधा ठाऊक नव्हते. उलट, देशात कापसाला गिऱ्हाईक कमी झाले तर गिरण्यांना कच्चा माल स्वस्तच मिळावयाचा!

बहिष्कार जून १९३३ पासून जानेवारी १९३४ पर्यंत चालला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस दसऱ्यानंतर बाजारात येऊ लागतो आणि संक्रांतीपर्यंत त्याचा भर असतो. म्हणजे वाटाघाटींचे ते महिने आणि वेचणीचे ते महिने नेमके एकच. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या सरकारी वर्षाचा हिशेब पुरा झाला तेव्हा असे दिसून आले की, कापसाची एकंदर निर्यात आदल्या वर्षाहून कमी न होता वाढली होती. दुसऱ्या देशांनी अधिक माल घेतला आणि करार होताच जपानची खरेदीही पुन्हा सुरू झाली. ह्यावरून काही विद्वान म्हणतील की, मग शेतकऱ्याचे नुकसान ते काय झाले? त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, शेतकरी आपला माल मार्चअखेरच्या हिशेबाने विकीत नाही. सावकाराचा तगादा, सरकारचा सारा आणि घरातील लग्नकार्य ह्यांच्या निकडीने, माल घरी आला की तो विकतो. कार्तिकात पडलेल्या भावाने ज्याने गाडी रिकामी केली, त्याला फाल्गुनात चढलेल्या भावाचा काय उपयोग? तो चढ ज्याच्या वखारीत माल होता त्याच्या पदरी पडला.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमल्यास परिषद भरली आणि थंडी पडताच ती दिल्लीस गेली. जपानचे प्रमुख प्रतिनिधी सेत्सुझो सावादा होते. हिंदुस्थान सरकारच्या वतीने व्यापारखात्याचे सभासद सर जोसेफ भोरे बोलत होते. हे भोरे आपल्याकडचेच. त्यांचा जन्म १८७८ साली नाशिक येथे झाला आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पुढे १९४६ साली सार्वजनिक आरोग्यासंबंधी जो प्रसिद्ध अहवाल निघाला, त्या समितीचे अध्यक्षही हेच. बुद्धीने व चिकाटीने ते कोणासही हार जाणारे नव्हते. परंतु ज्या सरकारच्या वतीने ते बोलत होते, ते येथील जनतेला जबाबदार नव्हते, ही उणीव कोणाच्याही वैयक्तिक गुणांनी भरून निघणारी नव्हती.

त्याच सुमारास लँकेशायरच्या गिरणीमालकांचे एक मंडळही हिंदुस्थानात आले होते. सर विल्यम क्लेअर लीस हे त्याचे पुढारी. मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी ह्यांच्याशी त्यांचा २८ ऑक्टोबर १९३३ रोजी एक समेट झाला. त्यात मुंबईने विलायती कापडावर कमी जकात असण्यास मान्यता दिली, आणि लँकेशायरने हिंदी कापूस अधिक वापरला जावा म्हणून प्रयत्न करण्याचे आश्वासन दिले. अहमदाबादच्या गिरणीमालकांना हा समेट मुळीच रुचला नाही आणि देशभर त्यावर कडक टीका झाली. आपल्या दृष्टीने त्यातील मौज ही की, एका बाजूची सवलत टक्क्यांत मोजलेली होती आणि दुसऱ्या बाजूची केवळ शब्दांत होती.

जपानशी चाललेली बोलणी मात्र आकड्यांची होती, आणि तीत खरा वाद पेटला तो कोणते वर्ष प्रमाण धरावयाचे ह्यावर. आयातीला मर्यादा घालावयाची हे एकदा ठरले म्हणजे ‘पूर्वी जितकी होत होती तितकी’ असे म्हणणे वरवर न्यायाचे दिसते. परंतु ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा? १९३१–३२ हे वर्ष धरले तर ३४ कोटी वार, आणि लगेच पुढचे धरले तर ५८ कोटी वार! पहिले वर्ष परदेशी मालावरील बहिष्काराच्या चळवळीचे होते, म्हणून जपानला ते अन्यायाचे वाटे. दुसरे येनाच्या घसरणीचे होते, म्हणून येथील गिरण्यांना ते अन्यायाचे वाटे. साधे वर्ष कोणतेच नव्हते. जगात जेथे जेथे आयातीच्या मर्यादा ठरविल्या गेल्या, तेथे तेथे प्रमाणवर्षाचा हा झगडा झाला आहे; कारण प्रमाणवर्ष ज्याच्या सोयीचे पडले, त्याची निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते.

अखेर जानेवारी १९३४ मध्ये समेट झाला. १९ एप्रिल रोजी दिल्लीस मसुद्यावर आद्याक्षरे पडली आणि १२ जुलै १९३४ रोजी लंडनमध्ये रीतसर सह्या झाल्या. हिंदुस्थान व जपान ह्यांच्या करारावर सह्या लंडनमध्ये का व्हाव्यात, हे श्रोत्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही.

कराराची कलमे मी थोडक्यात सांगतो; आणि येथे माझ्या त्रैराशिकाचा उपयोग आहे. जपानी कापडावरील जकात ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर उतरली आणि कोऱ्या कापडावरील किमान जकात दर रत्तली सव्वापाच आणे झाली. बहिष्कार उठला. जपानने वर्षाकाठी ४०० रत्तली १० लाख गाठी कापूस घेतला, तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड पाठविता यावयाचे. खरेदी १० लाख गाठींहून कमी भरली तर दर १०,००० गाठींच्या तुटीमागे २० लाख वार कमी व्हावयाचे, आणि अधिक भरली तर दर १०,००० गाठींमागे १५ लाख वार वाढावयाचे. मात्र १५ लाख गाठी आणि ४० कोटी वार ही शेवटची सीमा. उदाहरणार्थ, ९ लाखच गाठी घेतल्या तर २ कोटी वार कापले जाऊन ३० कोटी ५० लाख वार उरावयाचे. १२ लाख घेतल्या तर ३ कोटी वार मिळून ३५ कोटी ५० लाख वार व्हावयाचे. ह्याखेरीज कोरे कापड ४५ टक्के, किनारीचे कोरे १३, धुवट ८, आणि रंगीत, छापील वगैरे ३४ टक्के, अशी आतली वाटणीही ठरली. करार ३१ मार्च १९३७ पर्यंतचा होता.

शाळामास्तराच्या नजरेला हे गणित आवडण्यासारखे आहे. त्यात तुटीचा दंड वाढीच्या बक्षिसापेक्षा अधिक ठेवला आहे, हे हिंदुस्थानच्या बाजूचे चातुर्य. शेतीचा माल आणि कारखान्याचा माल एकाच काट्यात घालून तोललेला आहे. लँकेशायरप्रमाणे नुसते आश्वासन नसून बांधिलकी आहे. त्या काळी ह्या कराराची वाहवा झाली ती उगीच नव्हे. कापूस पिकविणाऱ्याच्या नावाने काही तरी मोजून घेतले गेले, हे त्यापूर्वीच्या कोणत्याही करारात घडले नव्हते.

परंतु तो कागद पुन्हा वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यात गाठी आहेत, वार आहेत, टक्के आहेत, आणे आहेत. कापसाचा भाव कोठेच नाही. कापडाला जकातीचे छत्र मिळाले, म्हणजे गिरणीच्या मालाच्या किमतीला आधार मिळाला. कापसाला मिळाला तो खपाचा आधार, किमतीचा नव्हे. दहा लाख गाठी जपानने घेतल्या पाहिजेत, पण त्या कोणत्याही भावाने घेतल्या तरी करार पाळला गेला! आणि त्या खपाच्या आधाराचे मोल तरी किती? करारानंतरच्या तीन वर्षांत जपानने १५ लाखांहून अधिक गाठी घेतल्या. म्हणजे ज्या खरेदीच्या बदल्यात आपण कापडाचे दार उघडले, ती खरेदी जपान आपल्या गरजेने करणारच होता. बहिष्कार हा पुष्कळसा वाटाघाटीतील पवित्रा होता. तो पवित्रा टिकला तितके महिने त्याची किंमत मात्र तिसऱ्यानेच दिली.

जी गोष्ट पिकविणाऱ्याची तीच नेसणाऱ्याची. स्वस्त जपानी कापडाची निंदा करताना आपण विसरतो की, मंदीच्या त्या वर्षांत ते कापड गरिबांच्या अंगावर होते. ज्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव पडला होता, त्याच्याच घरात ते लुगड्याच्या व सदऱ्याच्या रूपाने येत होते. जकात पन्नास टक्के असो की पंचाहत्तर, तिचा मोठा भाग दुकानात त्यालाच भरावा लागला. उलटपक्षी गिरण्यांची धुरांडी थंड पडली तर परळ-लालबागच्या चाळीत काय होते, हेही मुंबईकरांना सांगावयास नको. आणि तो गिरणीकामगार तरी कोण? रत्नागिरी, सातारा येथील शेतकऱ्याचाच मुलगा. तेव्हा गिरण्यांना संरक्षण देणे हे पाप होते, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, संरक्षणाचा खर्च कोणी उचलावयाचा हे त्या परिषदेत मोकळेपणाने विचारले गेले नाही, आणि म्हणून जो सर्वांत कमी बोलतो त्याच्या माथी तो आला.

पुढील इतिहास मी झटपट सांगतो. कराराच्या शब्दांतून पळवाटा निघाल्या. कटपीस म्हणून विकले जाणारे तुकडे मर्यादेच्या हिशेबात धरले नव्हते. तेव्हा जपानहून तुकड्यांचे ढीग येऊ लागले! १९३७ साली करार नवा करताना ह्या तुकड्यांनाही मर्यादा घालावी लागली. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, म्हणून १० लाख गाठींना २८ कोटी ३० लाख वार आणि १५ लाख गाठींना ३५ कोटी ८० लाख वार असे नवे आकडे ठरले. त्याच वर्षी जपान चीनशी युद्धात गुंतला. परकीय चलन दारूगोळ्याकडे वळले आणि कापसाची खरेदी घटली. जुलै १९४१ मध्ये हा व्यापारच बंद झाला. एका गिऱ्हाइकावर निम्मी भिस्त ठेवण्याचा धोका पिकविणाऱ्याला दुसऱ्यांदा भोवला.

लँकेशायरशी झालेल्या बोलण्यांनाही शासकीय रूप आले. जानेवारी १९३५ मधील ब्रिटनबरोबरचा पुरवणी करार आपल्या मध्यवर्ती कायदेमंडळाने नामंजूर केला, तरी तो अंमलात राहिला. १९३९ च्या मार्चमध्ये ब्रिटनशी जो नवा करार झाला, त्यात मात्र जपानचा धडा गिरविलेला दिसतो. विलायती कापडाची सवलत ब्रिटनने घेतलेल्या हिंदी कापसाच्या गाठींशी जोडली गेली. आश्वासनाच्या जागी आकडा आला. तोही करार कायदेमंडळाने फेटाळला आणि तोही अंमलात आला. ज्याच्या नावाने सही होते त्याचे मत विचारले जाते आणि बाजूस ठेवले जाते, अशा कराराला वाजवी म्हणावे तरी कसे?

स्वातंत्र्यानंतर ही उणीव दूर झाली. सही आपली झाली. परंतु १९३४ चा प्रश्न मिटला असे झाले नाही. त्याने जागा तेवढी बदलली. १९७४ पासून अमेरिका आणि युरोपातील देशांनी आपल्या कापडावर नेमक्या तशाच मर्यादा घातल्या, ज्या आपण पूर्वी जपानच्या कापडावर घातल्या होत्या. त्या १ जानेवारी २००५ रोजी उठल्या, तोवर प्रमाणवर्ष आणि आतली वाटणी ह्यांवरून आपले अधिकारी तीच भांडणे भांडत होते, मात्र सावादांच्या खुर्चीत बसून. महाराष्ट्र सरकारने १९७१ चा कायदा करून कापसाची एकाधिकार खरेदी चालविली. तीत कराराच्या कागदात नसलेला भाव आपल्या हाताने लिहिण्याचा प्रयत्न होता. पुढे ती योजना तोट्यात रुतली आणि मोडली. परंतु ज्या दुखण्यावर ते औषध होते, ते दुखणे खोटे नव्हते. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली ह्या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले की, श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना जी सरकारी मदत देतात, तिने आमच्या कापसाचा भाव पडतो. त्यानंतर वीस वर्षे उलटली तरी त्या मदतीच्या प्रश्नाचा पुरता निकाल लागला नव्हता. आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२१ मध्ये, परदेशी कापसावर आपल्या सरकारने ११ टक्के जकात बसविली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जबर जकाती लादल्या आणि कापडधंदा अडचणीत आला, तेव्हा ही जकात आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ करण्यात आली. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु महिने पाहा : दसरा ते संक्रांत. विदर्भातील गाड्या त्याच दिवसांत बाजाराकडे निघतात.

श्रोतेहो, इतिहासाची पुनरावृत्ती होते असले ठरीव वाक्य उच्चारून मला हे भाषण संपवावयाचे नाही. १९३४ चा करार वाईट होता असेही मला सांगावयाचे नाही. त्या काळच्या मानाने तो पुष्कळ बरा होता. मला एवढेच सुचवावयाचे आहे की, दोन देशांमधील करार वाजवी आहे की नाही हे पाहताना, दोन्ही पारड्यांत किती टक्के पडले एवढ्यावर आपण थांबू नये. आणखी दोन प्रश्न विचारावे. बोलणी चालू असताना थांबण्याचा खर्च कोण सोसतो आहे? आणि कलमांत ज्याचा माल मोजला आहे, त्याच्या मालाची किंमत कोठे लिहिली आहे काय? हे प्रश्न आपण शहरातल्या माणसांनीच विचारले पाहिजेत. कारण वर्तमानपत्रात ह्या बातम्या वाचावयास सवड आपल्याला असते, आणि स्वस्त कापड व स्वस्त धान्य ह्यांचा लाभही आपल्या पदरी पडतो.

आमच्या गावाबाहेरचे ते जीन आता राहिले नाही. तेथे घरे झाली आहेत. आजोबांच्या बोलण्यातील सिमला मात्र मला अजून आठवतो. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता, तेथे कोण बसले होते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि तेथे बसलेल्यांनाही आजोबांच्या ओसरीवर पडलेल्या कापसाची कल्पना नव्हती. तरी त्या सालचा त्यांचा भाव तेथेच ठरला.